पदराचा जोड दाखवता का?

संध्याकाळी साडेसात वाजता आमच्या घरातलं स्वयंपाकघर बंद असतं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची रीत सासूबाईंनी अजून मोडू दिलेली नाही. त्यामुळं इतर घरांत पोळ्या लाटल्या जातात त्या वेळी आमच्याकडं चार बायका रिकाम्या हातानं बसलेल्या असतात. माझ्या नणंदेचा साड्यांचा धंदा या रिकाम्या तासात जन्माला आला. ती नवऱ्याची चुलत बहीण, शहापुरातच दोन गल्ल्या पलीकडं राहते. तिच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून लाइव्ह आमच्या माडीवरून चालतं. पांढरी भिंत, एक गोल दिवा, तिकाटण्यावर फोन, मागं घडी घातलेल्या साठ-सत्तर साड्या.

आणि फोनच्या दुसऱ्या बाजूला आम्ही. मी, माझी जाऊ, जावेची मुलगी. आम्ही त्याच माडीच्या खाली, बैठकीच्या खोलीत बसून आपापल्या फोनवर लिहायचो : ‘बुक’. ‘वॉव’. ‘ही मला ठेवा ताई’. पहिल्या पाच मिनिटांत कुणी काही लिहिलं नाही तर बाहेरच्या बायका थांबत नाहीत, असं नणंदेचं म्हणणं. म्हणजे दुकानात गिऱ्हाईक नसताना मालकानंच आपली माणसं आत बसवावीत, तसं. मला ते तेव्हा फारसं खटकलं नाही. घरच्या पोरीला हात देतोय, एवढंच वाटलं.

हे मी आधी सांगून टाकते, कारण पुढं मी टीका करणार आहे, आणि टीका करणारी बाई खालच्या खोलीत बसून ‘बुक’ लिहीत होती हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

फेसबुकनं लाइव्हची सोय सगळ्यांसाठी खुली केली ती २०१६ साली. पण आपल्याकडच्या बायकांच्या हातात ती खऱ्या अर्थानं आली २०२०च्या मार्चनंतर. दुकानं बंद, लग्नं पुढं ढकललेली, सुरतेहून आलेला माल पडून. त्याच जूनच्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि तिथं नाचणाऱ्या-बोलणाऱ्या कितीतरी बायका इकडं आल्या. गंमत म्हणजे ज्या कंपनीच्या जागेवर हे चालतं तिनं स्वतःची लाइव्ह विक्रीची खास सोय १ ऑक्टोबर २०२२ला बंद केली, इन्स्टाग्रामनंही मार्च २०२३मध्ये तेच केलं. आमच्या बायकांना पत्तासुद्धा लागला नाही. त्यांनी ती सोय कधी वापरलीच नव्हती. स्क्रीनशॉट काढा, व्हॉट्सॲपला पाठवा, पैसे टाकून त्याचा फोटो पाठवा, संपलं. अमेरिकेतल्या हुशार माणसांना जे जमवता आलं नाही ते निपाणी-चिकोडीच्या बायकांनी फोनच्या तीन बटणांवर जमवलं. याचं मला खरंच कौतुक आहे.

आता हा प्रकार काय आहे ते पाहू. मी त्याला एक प्रयोग समजते, नाटकाचा असतो तसा. त्याची ताकद एकच : कापता येत नाही. जाहिरातीत बाई हसते ती सतराव्या वेळेला हसलेली असते. लाइव्हमध्ये साडी हातातून निसटते, मागून सासू पाण्याचा तांब्या घेऊन जाते, कुत्रं भुंकतं, नणंद ‘अगं बाई’ म्हणते. बघणारीला वाटतं, हे खरं आहे. तिचा विश्वास बसतो तो साडीवर बसत नाही, या सांडण्या-लवंडण्यावर बसतो. आणि म्हणूनच लाइव्हमधलं खोटं जाहिरातीतल्या खोट्यापेक्षा जड असतं. जाहिरातीला आपण आधीच निम्मं वजा करून ऐकतो. लाइव्हमधल्या ताईला कोण वजा करतं?

गेली तीन-चार वर्षं मी आमच्या भागातली आणि कोल्हापूर-इचलकरंजीकडची पुष्कळ लाइव्ह बसून पाहिली. कधी विकत घ्यायला, बहुतेकदा नुसती. भाषेबद्दल आधी बोलते, कारण माझा कान तिकडंच जातो.

पहिली तक्रार ‘सुंदर’ या शब्दाची. एका संध्याकाळी मी मोजलं. साठ साड्या, आणि साठही ‘एकदम सुंदर’. सुंदर कलर, सुंदर काठ, सुंदर लूक. सगळंच सुंदर असेल तर मी निवडू कशावरून? दुकानातला जुना माणूस असं बोलत नसे. खडेबाजारातले एक म्हातारे दुकानदार माझ्या आईला म्हणायचे, ‘ही घेऊ नका, तुमच्या रंगाला उठत नाही.’ एका साडीला नाही म्हणायचे आणि तीन खपवायचे. हो, तीही विक्रीचीच कला. पण त्या ‘नाही’मुळं पुढच्या ‘हो’ला किंमत यायची. लाइव्हमध्ये ‘नाही’ हा शब्दच उरलेला नाही.

दुसरी गोष्ट घाईची. ‘सिंगल पीस आहे हां, गेली की गेली.’ ‘दोनच राहिल्या.’ ‘चला पटपट.’ मी माडीवर जाऊन पाहिलंय, त्या ‘सिंगल पीस’च्या आठ भावंडं पोत्यात होती. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३मध्ये ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी काढली, तिच्यात पहिलीच युक्ती ही आहे, खोटी निकड. मोठ्या कंपन्यांसाठी काढलेल्या यादीत आमची माडी बसते, हे वाचून मला जरा चमत्कारिक वाटलं.

चीनमध्ये हा धंदा आपल्या कितीतरी पुढं गेलाय. तिथल्या विया नावाच्या बाईनं एप्रिल २०२०मध्ये लाइव्हवरून चक्क रॉकेट सोडण्याची सेवा विकली, चार कोटी युआनला. पुढच्या वर्षी कर चुकवल्याबद्दल तिला १३४ कोटी युआनचा दंड झाला आणि ती दिसेनाशी झाली. तिथलाच ली जियाची, लिपस्टिकचा राजा म्हणतात त्याला, सप्टेंबर २०२३मध्ये ७९ युआनची भुवयांची पेन्सिल विकत होता. कुणी बाईनं लिहिलं, महाग झालीय. तर तो म्हणाला, इतक्या वर्षांत तुमचा पगार का वाढला नाही, पुरेशी मेहनत केली का, याचा जरा विचार करा. नंतर रडून माफी मागितली. मला त्या प्रसंगात आपली ओळखीची गोष्ट दिसते. आमच्याकडंही रेट विचारणारीला ‘बजेट नसेल तर पुढची बघा ताई’ असं गोड आवाजात ऐकवतात. बाई खाली मान घालते आणि कधी कधी हट्टानं तीच साडी घेते. हा टोला सगळ्या बायका ओळखतात. म्हणूनच तो चालतो.

आता मुद्द्याकडं येते, म्हणजे साडीकडं.

कापड घेताना आपण डोळ्यांपेक्षा बोटांनी घेतो. दोन बोटांत पदर धरायचा, चुरगाळायचा, सोडायचा. उलटी बाजू बघायची. उजेडात, म्हणजे दुकानाच्या पायरीवर, न्यायची. लाइव्हमध्ये ही बोटं आपली नसतात, विकणारीची असतात. तेव्हा विकणारीचं पहिलं काम माझी बोटं होण्याचं आहे. हात लावून काय कळलं ते तिनं मला सांगावं. खरखरीत आहे, दोन धुण्यांनंतर मऊ पडेल. काठ जड आहे, निऱ्या पोटावर फुगतील. गोल दिव्याच्या पांढऱ्या उजेडात मोरपंखी निळा दिसतो आणि फोन स्वतःच्या अकलेनं रंग बदलतो, हे तर प्रत्येकीला ठाऊक असतं. खिडकीशी जाऊन दाखवायला दहा पावलं लागतात. साडेसातला खिडकीत उजेड नसतो हे खरं. मग तेवढं तोंडानं सांगा.

इरकलचं उदाहरण घेते. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची ही साडी आपल्या सगळ्या सीमाभागाची. आमच्या आज्या तिच्यातच जन्मल्या आणि तिच्यातच गेल्या. तिची खरी ओळख पदरात आहे. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा ताणा वेगळा, अंग सुताचं नि पदर रेशमाचा, आणि दोन्ही ताण्यांचे दोरे एकमेकांत अडकवून विणकर जोडतो. तो जोड पदर सुरू होतो तिथं दिसतो. लाल पदर, पांढऱ्या उभ्या नक्षीचा, तो कुणीही छापेल. जोड छापता येत नाही. सरकारनं रेशमासाठी सिल्क मार्क आणला २००४मध्ये, हातमागासाठी हँडलूम मार्क २००६मध्ये, आणि हातमागासाठी काही प्रकारचं कापड राखून ठेवणारा कायदा तर १९८५चा आहे. पण या खुणा बघायला साडी हातात लागते. लाइव्हमध्ये मला एकच खूण मागता येते.

ती मी एकदा मागितली. नणंदेच्या लाइव्हमध्ये, सगळ्यांसमोर लिहिलं : ‘पदराचा जोड दाखवता का?’ तिनं वाचलं. मला दिसलं की वाचलं, कारण तिचे डोळे त्या ओळीवर थांबले. मग ती म्हणाली, ‘चला, पुढची बघू मैत्रिणींनो.’ खाली जाऊ माझ्याकडं बघत राहिली. ‘वैनी, असलं काय विचारतीस गं घरच्या माणसाला?’ मी गप्प बसले. पुढच्या साडीला ‘बुक’ लिहिलं.

यानंतरची गोष्ट दिवाळी झाल्यावरची. आमच्यातल्या एका मावशींनी रेशीम न वापरण्याचा नियम घेतलेला आहे. कोसला उकळून किडे मरतात म्हणून. असा नियम घेतलेल्या बायका आमच्या समाजात बऱ्याच, आणि लाइव्हच्या जगात त्यांचं मोठं गमतीचं होतं. बाकीच्या बायका विचारतात, ‘प्युअर सिल्क आहे ना?’ या विचारतात, ‘सिल्क नाही ना?’ बाजार ज्याला नकली म्हणून नाक मुरडतो तेच यांना हवं असतं. श्रावणात मावशींनी नणंदेकडून एक इरकल घेतली होती, १४५० रुपयांची. घरी येऊन विचारून घेतली. नणंदेनं सांगितलं, मावशी, पदर आर्ट सिल्कचा, रेशमाचा एक दोरा नाही. मावशींनी ती दशलक्षणात दहाही दिवस पूजेला नेसली.

दिवाळीनंतर त्याच साड्यांचा नवा लॉट आला. लाइव्हमध्ये नणंद म्हणाली, ‘पदर बघा, प्युअर सिल्क पदर, रेट फक्त चौदाशे पन्नास.’ पहिलं ‘बुक’ माझं होतं.

मावशी नातीच्या फोनवर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. साडी कापडी पिशवीत घडी करून आणलेली. ओरडल्या नाहीत, बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, ‘मला घरात सांगितलंस ते खरं, की फोनला सांगितलंस ते खरं?’

नणंद हसायला लागली. ‘मावशी, तुम्हाला सांगितलं तेच खरं. लाइव्हमध्ये तसं म्हणावं लागतं.’

‘मला आता कसं कळायचं?’ मावशी म्हणाल्या.

हा प्रश्न मला फार लागला. कारण त्यांचं बरोबर होतं. जी बाई गिऱ्हाईक बघून कापड बदलते, तिचं मावशींना सांगितलेलंही गिऱ्हाईक बघूनच असू शकतं. शब्दाची पत एकदा गेली की खरा शब्दही बुडतो. शेवटी मी पदराच्या गोंड्यातला एक धागा तोडला आणि देवघरातल्या काडेपेटीनं पेटवला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. हा भसकन पेटला, वहीचं पान जळावं तसा, आणि वासही कागदाचाच. रेयॉन. मावशींनी वास घेतला, पुन्हा घेतला, मग खाली बसल्या आणि पाणी मागितलं.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, ‘काल कितीजणींनी घेतली?’

‘सात.’

‘त्यांना फोन केलास?’

अचौर्यव्रताचे जे अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत घोकले त्यांत एक शब्द आहे : प्रतिरूपक व्यवहार. अस्सल म्हणून नक्कल विकणं. तेव्हा शिकवणाऱ्या पंडितजींनी दुधातल्या पाण्याचं उदाहरण दिलं होतं. तो दोष खोटं बोलण्याखाली घातलेला नाही, चोरीखाली घातलाय, याचं मला लहानपणी नवल वाटायचं. मावशी पाणी पीत असताना ते नवल संपलं. खोटं कुणाला तरी ऐकवलं जातं. इथं कुणाचं तरी काहीतरी गेलं होतं, आणि ते परत द्यायचं होतं.

नणंदेची बाजू सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. तिच्या नवऱ्याचा पगार दोन वर्षं अर्धा होता. बाजारात गाळा घ्यायचा तर पागडीचे पैसे कुणी दिले असते तिला? घराबाहेर दुकान टाकायला सासऱ्यांनी परवानगी दिली नसती. माडीवर बसून फोनशी बोलायला दिली, कारण ते त्यांना काम वाटलंच नाही. लाइव्ह दीड तासाचं, पण त्यामागं रात्री बारापर्यंत स्क्रीनशॉट जुळवणं, पत्ते लिहिणं, पुड्या बांधणं, सकाळी कुरिअरची रांग. मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीत एका दमात बोलते. ‘रेट एष्टु’ला कन्नडमध्ये उत्तर, पुढच्या श्वासाला सांगलीच्या बाईला मराठीत. तिच्याइतका चपळ दुकानदार मी आमच्या गल्लीत पाहिलेला नाही. घसा बसतो. पाळीच्या दिवसांतही हसत उभं राहावं लागतं. आणि शेजारच्या लाइव्हमध्ये तोच माल ‘प्युअर’ म्हणून जात असताना हिनं ‘आर्ट’ म्हणावं, तर संध्याकाळ रिकामी जाते. हे सगळं मला माहीत आहे. खालच्या खोलीतून मीच तर बघत होते.

पण गिऱ्हाईकही बाईच आहे ना. तिनं भिशीतून, किराण्यातून वाचवलेले चौदाशे पन्नास. माल आल्यावर काही निघालं तर ‘अनबॉक्सिंग व्हिडिओशिवाय तक्रार घेतली जाणार नाही’ ही पाटी. म्हणजे पिठाच्या हातानं पुडी उघडणाऱ्या बाईनं आधी शूटिंग करायचं. २०२०चे ई-कॉमर्स नियम सांगतात की जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विकणाऱ्यानं माल परत घ्यायला नकार द्यायचा नाही. तक्रारीला १९१५ हा फोन आहे. पण ‘ताई’विरुद्ध तक्रार कोण करणार? ‘मैत्रिणींनो’ या हाकेचा खरा उपयोग मला तिथं दिसतो. दुकानदाराशी भांडता येतं. मैत्रिणीशी भांडायचं म्हणजे आपण वाईट ठरायचं.

वडगावातल्या एका विणकरघरातली बाई मी अधूनमधून बघते. दिवा नाही, भिंत नाही, मागं माग खडखडत असतात त्यामुळं निम्मं बोलणं ऐकू येत नाही. ती साडी धरते आणि सांगते, ‘हे यंत्रमागाचं. म्हणून साडेआठशे. हातमागाची पाहिजे तर तीन आहेत, महाग आहेत, परवा दाखवते.’ उलटी बाजू न मागता दाखवते. एकदा विणताना धागा तुटून राहिलेली बारीक रेघ तिनं स्वतःच बोट ठेवून दाखवली, ‘ही निरीत जाते, पण तुम्हाला नंतर दिसेलच, म्हणून आताच सांगते.’ तिच्याकडं बघणाऱ्या बायका कधी चाळीस, कधी पंचेचाळीस. नणंदेकडं दोनशे-तीनशे. प्रयोग म्हणून मी वडगावच्या बाईला वरचा नंबर देईन. धंदा म्हणून तिचं कसं चाललंय, मला सांगता येणार नाही.

नणंदेनं फोन केले. लगेच नाही, आठवड्यानं, आणि सातपैकी पाचजणींना. दोघींनी साड्या परत पाठवल्या. एकीनं फोनच ठेवून दिला. एकजण म्हणाली, राहू दे, मुलीला रंग आवडलाय. आणि हुक्केरीची एक बाई हसली म्हणे : ‘त्या दरात प्युअर कुठं मिळतंय ताई, मला ठाऊकच होतं.’ हे सांगताना नणंदेला जरा हायसं वाटलं. मला नाही वाटलं.

मी आता ‘बुक’ लिहीत नाही. त्यावरून थोडा अबोला झाला, पर्युषणात क्षमा मागून मिटला. जाऊ अजून लिहिते.

गेल्या महिन्यात नणंदेनं लाइव्हमध्ये पदराचा धागा जाळून दाखवला. माझ्याकडूनच काडेपेटी घेऊन गेली. हात थरथरत होता, धागा पेटला, तिनं तो नाकाशी नेला आणि म्हणाली, ‘कागदाचा वास, बगा. रेशीम नाही, आर्ट आहे. रेशीम नको असलेल्यांनी घ्या.’ त्या संध्याकाळी एरवी अकरा-बारा जातात तिथं तीन साड्या गेल्या. लाइव्ह संपताना कुणीतरी लिहिलं, ‘ताई ते जाळलेलं परत दाखवा ना, मी पोळी उलटत होते.’